कॉलेजचे शिक्षण आवश्यक आहे काय?

(मंडळीच्या अभ्यासवर्गाकरिता पाठ. वाचन : दानीएल 1:1-20, प्रेषितांची कृत्ये 4:13 व 18:24-28, लूक 14:28-30.)

बारावीचा निकाल लागला म्हणजे श्रीवर्धनच्या आसपासच्या गावांतून दरवर्षी एकच प्रश्न घरोघर उभा राहतो : लेकरास पुढे शिकवावे काय? प्रश्न एक असला तरी विचारणारांचे मन एक नसते. कोणी बाप म्हणतो, "मला अक्षर आले नाही म्हणून जन्मभर दुसऱ्याच्या वाडीत पोफळी चढलो; माझा मुलगा पदवी घेईल." कोणी म्हणतो, "शेजारचा मुलगा बी. ए. होऊन घरी बसला आहे. आता तो वाडीतही उतरत नाही व कचेरीतही चढत नाही." मग उभयता उपदेशकाकडे येतात, आणि उपदेशक बहुधा शास्त्रातील एखादे वचन काढून ज्याचे मन ज्या बाजूस झुकले असेल त्यास आधार देतो. अशा रीतीने दोघेही समाधानाने घरी जातात व प्रश्न होता तेथेच राहतो. म्हणून आजच्या पाठात हा विषय जरा सावकाश पाहू.

ह्या किनाऱ्यावर हा प्रश्न आता पूर्वीपेक्षा कठीण झाला आहे, ह्याचे कारण सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. ता. 3 जून 2020 रोजी निसर्ग वादळ श्रीवर्धन व दिवेआगर ह्या भागावर आले, आणि तीन पिढ्यांनी वाढविलेल्या माडांच्या व पोफळींच्या वाड्या एका दुपारी आडव्या झाल्या. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीवर अनेक घरांचे वर्ष चालत असे. पोफळीचे रोप लावल्यापासून फळ धरावयास पाच ते सात वर्षे लागतात, म्हणजे वादळानंतर लगेच ज्यांनी नवी लागवड केली त्यांसही कित्येक वर्षे हात बांधून बसणे प्राप्त झाले. वाडी ज्याची त्याचे उत्पन्न गेले, आणि जो दुसऱ्याच्या वाडीत मजुरी करीत असे त्याची मजुरीही गेली. त्याच वर्षांत ज्यांची मुले बारावी झाली त्यांस दोन्ही खर्च एकदम समोर दिसले : रोपांचा आणि फीचा. अशा माणसास "विद्या हेच धन" एवढे सांगून परत पाठविणे म्हणजे त्याच्या प्रश्नाची थट्टा करणे होय.

प्रथम शास्त्र काय म्हणते ते पाहू, व ते सगळे पाहू, अर्धे नव्हे. पेत्र व योहान हे निरक्षर व अडाणी इसम आहेत असे पाहून सभेतील वडीलजनांस आश्चर्य वाटले, ही गोष्ट कॉलेजाविरुद्ध बोलणारांस फार आवडते. परंतु त्याच प्रेषितांच्या कृत्यांत पौल आपण गमलिएलाच्या चरणांजवळ शिकलो असे लोकांसमोर सांगतो, व स्तेफन मोशेविषयी तो मिसरी लोकांच्या सर्व विद्येत शिकविलेला होता असे सांगतो. कोळ्याचे जाळे सोडून आलेल्यांस देवाने घेतले, व शाळेतून आलेल्यांसही घेतले. ह्यावरून इतके निश्चित होते की तारणास अथवा साक्ष देण्यास पदवी लागत नाही. मात्र एवढ्यावरून पदवी निरुपयोगी ठरत नाही. पेत्राने लिहिलेली पत्रे दोन, पौलाची किती ते वाचकांनी स्वतः मोजावे.

दानीएलाची गोष्ट विशेष विचार करण्यासारखी आहे. बाबेलच्या राजाने यहूदी तरुणांस खास्द्यांची भाषा व विद्या शिकविण्याचे ठरविले, आणि त्या शिक्षणास तीन वर्षांची मुदत घातली. (आपल्याकडे बी. ए., बी. कॉम. ह्यांची मुदतही पुष्कळ वर्षे तीनच होती. नव्या धोरणात तीन वर्षांनी पदवी व चौथ्या वर्षी ऑनर्स अशी व्यवस्था झाली आहे.) ती विद्या मूर्तिपूजक राजाची, शिक्षक परके, आणि मुलांची नावेसुद्धा बदललेली. दानीएलाने त्यांतून काय नाकारले? राजाच्या ताटातले अन्न व द्राक्षारस. विद्या नाकारली नाही. ती तो इतका शिकला की परीक्षेच्या दिवशी राजास त्याच्या तोडीचा कोणी आढळला नाही. कॉलेजात गेल्याने मुलाचा विश्वास जाईल अशी भीती ज्या आईबापांस वाटते त्यांनी हा अध्याय मुलासोबत बसून वाचावा, आणि मुलाने काय शिकू नये ह्याऐवजी काय खाऊ-पिऊ नये, कोणाच्या संगतीत बसू नये, ह्याविषयी त्याशी बोलावे. आमच्या पाहण्यात विश्वास पुस्तकांनी क्वचित जातो. वसतिगृहातील रिकाम्या संध्याकाळींनी तो अधिक वेळा जातो.

तिसरा उतारा अपुल्लोचा. हा आलेक्सांद्रियाचा, वक्ता व शास्त्रात प्रवीण मनुष्य होता. आजच्या भाषेत सांगावयाचे तर पदवीधर. तरी त्याच्या ज्ञानात उणीव होती, आणि ती कोणी भरून काढली? अक्विल्ला व प्रिस्किल्ला ह्यांनी, जी तंबू करण्याचा धंदा करीत असत. हातावर पोट असलेल्या नवराबायकोने विद्वानास घरी नेऊन शिकविले, व विद्वान शिकला. येथे कोणी कोणास हिणविले नाही. कॉलेजातून परत आलेल्या तरुणास मंडळीतील वडील मनुष्य "आता तू आम्हांला शिकविणार काय?" असे जेव्हा विचारतो, व तरुणही मान वळवून बसतो, तेव्हा ह्या उताऱ्याची आठवण दोघांसही करून द्यावी.

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ. कॉलेजावाचूनही थोर कार्य होते असे म्हणणारे काही नावे नेहमी सांगतात, आणि ती खरी आहेत. रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांचा जन्म 1861 साली दापोली तालुक्यातील करजगाव येथे झाला. ते कधी कॉलेजात गेले नाहीत, पण मराठी मंडळी आजही त्यांची गीते गाते. पंडिता रमाबाईंनी कॉलेजची कोणतीही पदवी नसता 1878 साली कलकत्त्याच्या पंडितांसमोर आपली विद्वत्ता सिद्ध केली व पुढे केडगावास बसून संपूर्ण पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर केले. दापोलीजवळच्या मुरुडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित हे शाळामास्तर होते. विद्यापीठाची पदवी त्यांजपाशी नव्हती, तरी 1896 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या भारतीय ज्योतिषशास्त्राच्या ग्रंथाकडे विद्वान लोक आजही वळतात. श्रीवर्धनचे लोक ह्यांत आपल्या गावच्या बाळाजी विश्वनाथ भटांचे नाव जोडतात. 1713 साली पेशवा झालेल्या ह्या गृहस्थाने कोणते कॉलेज पाहिले होते?

ही नावे ऐकून पुष्कळांचे समाधान होते. आमचे होत नाही, आणि का होत नाही हेच ह्या पाठात सांगावयाचे मुख्य आहे. ह्या थोर माणसांस कॉलेज लागले नाही हे खरे. परंतु त्यांस दुसरे दार उघडे होते. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृताचे पंडित. त्यांनी लोकांचा विरोध सोसून आपल्या पत्नीस शिकविले, व त्या मातेने मुलीस शिकविले. टिळकांच्या कुळास अक्षर नवे नव्हते. बाळाजी विश्वनाथाचे घराणे श्रीवर्धनच्या देशमुखीचे. दप्तर व जमाबंदी ही त्या घरात पिढ्यांची चाल होती. अशा घरात ओसरीवर जे सहज कानी पडते ते मिळविण्यास दुसऱ्याच्या लेकरास वर्षे लागतात. ज्यांच्या आजोबांस पाटीला हात लावू दिला नाही, ज्यांच्या आजीस पुस्तक म्हणजे काय हे मिशनच्या शाळेत प्रथम कळले, त्यांच्या नातवाने टिळकांचे उदाहरण घेऊन "मलाही कॉलेज नको" म्हणावे, हे आम्हांस पटत नाही. आणि ज्यांच्या घरात चार पिढ्या पदवीधर आहेत त्यांनी ते उदाहरण त्याला सांगावे, हे तर मुळीच पटत नाही.

ह्याला दुसरी बाजूही ह्याच किनाऱ्यावर सापडते. हरिहरेश्वरापुढे सावित्रीची खाडी आहे, आणि पलीकडे बाणकोट; आज बागमांडल्याहून वेश्वीस फेरीबोटीने पलीकडे जाता येते. ह्या बाणकोटास स्कॉटिश मिशनचे पहिले मिशनरी 1823 साली आले. त्यांपैकी डोनल्ड मिचेल हे त्याच वर्षी मरण पावले. बाकीच्यांनी बाणकोट व हर्णै येथे मराठी शाळा चालविल्या. डॉक्टर जॉन विल्सन 1829 साली आले ते मराठी शिकण्यासाठी प्रथम हर्णैस राहिले. पुढे मिशनचे मुख्य काम मुंबई व पुणे येथे गेले, आणि विल्सनसाहेबांनी 1832 साली मुंबईत इंग्रजी शाळा काढली; तिचेच पुढे विल्सन कॉलेज झाले. म्हणजे ज्याने कोकणच्या किनाऱ्यावर मराठी अक्षरे गिरविली त्याचे कॉलेज शहरात वाढले, आणि किनाऱ्यावरच्या मुलास त्याच्यामागे शहरात जावे लागले.

असा एक मुलगा त्याच मुरुडहून गेला. धोंडो केशव कर्वे ह्यांचा जन्म 1858 सालचा. मराठी परीक्षेसाठी ते घाट चढून पायी साताऱ्यास गेले, आणि वयाने लहान दिसतोस असे सांगून त्यांस तेथे बसू दिले नाही. मुंबईस जाऊन, दुसऱ्यांच्या मुलांच्या शिकवण्या करून, त्यांनी 1881 साली मॅट्रिक केले, विल्सन कॉलेजात नाव घातले, मग एल्फिन्स्टन कॉलेजात गेले, व 1884 साली सव्विसाव्या वर्षी बी. ए. झाले. सव्विसावे वर्ष हे लक्षात ठेवण्याजोगे आहे, कारण मूल एकदा नापास झाले की आपल्या लोकांत "आता वय झाले" म्हणून त्याचे पुस्तक बंद करितात. कर्व्यांनी 1916 साली महिलांचे विद्यापीठ स्थापिले, ते सर्वांस ठाऊक आहे.

दुसरे नाव ह्याहून वजनाचे. मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांच्या घराण्याचे गाव. श्रीवर्धनहून खाडी ओलांडली की तो तालुका लागतो. त्यांचे वडील सैन्यातील शाळेत शिक्षक होते, म्हणून घरात अक्षर होते. पण गावच्या शाळेत पोरास वेगळे बसावे लागे. बडोद्याच्या महाराजांची दरमहा 25 रुपयांची मदत मिळाली म्हणून एल्फिन्स्टन कॉलेजातील शिक्षण पुरे झाले व 1912 साली बी. ए.ची पदवी मिळाली. पुढे अमेरिका, इंग्लंड, आणि देशाची घटना. ज्या मनुष्याने महाडच्या तळ्याचे पाणी 1927 साली खुले करविण्यासाठी लढा दिला, त्याने 1946 साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले. त्याने दोन्ही दारे बंद पाहिली होती, आणि दुसरे दार पहिल्याइतकेच महत्त्वाचे मानले. धर्माच्या बाबतीत आपली व त्यांची वाट निराळी असेल; परंतु ज्याला ओसरीवरची विद्या मिळत नाही त्याच्यासाठी कॉलेज काय आहे, हे त्यांच्याइतके स्पष्ट कोणी दाखविले नाही.

तेव्हा आमचे मत असे. ज्ञान प्रत्येकास आवश्यक आहे. कॉलेज हे ज्ञानाचे एक दार आहे, एकमेव नव्हे. ज्याच्या घरी दुसरे दार आहे त्याला ते सोडता येईल. आपल्या मंडळ्यांतील बहुतेक घरांस दुसरे दार नाही, म्हणून त्यांच्यासाठी ते महाग असूनही मोलाचे आहे. मात्र कोणत्याही कॉलेजात, कोणत्याही विषयास, कसेही कर्ज काढून जावे, असे ह्यातून निघत नाही.

येथे "शिकलेलेच बेकार" ह्या बोलण्याचा विचार केला पाहिजे, कारण ते निराधार नाही. केंद्र सरकारच्या 2022-23 सालच्या श्रमबल पाहणीत काम करणाऱ्या व काम शोधणाऱ्या पदवीधरांत बेकारीचे प्रमाण शेकडा 13.4 निघाले, सर्व लोकांचे मिळून ते शेकडा 3.2 होते. हे आकडे पाहून पदवी हा रोग आहे असे म्हणण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ज्याच्या घरी आज मजुरी केली नाही तर आज चूल पेटत नाही, तो बेकार राहूच शकत नाही. मिळेल ते काम, मिळेल त्या दरात करितो, आणि पाहणीत कामावर असलेला गणला जातो. पदवीधर थोडे दिवस थांबू शकतो, म्हणून तो बेकारांच्या यादीत दिसतो. तथापि आकड्याचा निम्मा अर्थ असा सोडविला तरी निम्मा उरतोच : ज्या पदवीत हाताला व बुद्धीला काहीच लागले नाही, जी केवळ वर्गात नाव ठेवून मिळाली, ती घेऊन मुलगा घरी बसतो, व त्या मुलाने तीन वर्षे व बापाने पुष्कळ पैसे घालविले.

म्हणून प्रभूने सांगितलेल्या बुरुजाच्या दाखल्याप्रमाणे आधी बसून खर्च मोजावा. आपले लोक फी मोजतात, आणि तेथेच चुकतात. गावच्या मुलास फी हा लहान खर्च असतो. पनवेलीस किंवा मुंबईस खोलीचे भाडे, खाणावळ व येण्याजाण्याचे भाडे हा मोठा. श्रीवर्धनात गोखले एज्युकेशन सोसायटीचे कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालय आहे. घरी राहून, सुट्टीत वाडीत हात लावून जे शिकता येते त्यासाठी शहराची खोली का घ्यावी, हे आधी मुलास विचारावे. आणि जे येथे शिकता येत नाही ते मात्र खरोखर शिकावयाचे असेल तर शहराचा खर्च मनाने कबूल करावा. मुलास यंत्राची आवड असेल तर माणगाव तालुक्यातील लोणेरे येथे 1989 सालापासून बाबासाहेबांच्या नावाचे तंत्रविद्यापीठ आहे. दापोलीस 1972 पासून कोकणचे कृषी विद्यापीठ आहे, आणि त्याचेच सुपारी संशोधन केंद्र खुद्द श्रीवर्धनात आहे. वादळाने पडलेल्या वाड्या कोणती रोपे लावून व कशी उभी कराव्या, हे शिकलेला मुलगा ह्या गावास नको आहे काय? शेतकीचे शिक्षण म्हणजे शेतकऱ्याच्या मुलाने केलेली माघार, अशी जी समजूत आपल्याकडे आहे ती वाडीवाल्याने तरी सोडावी.

ज्याचे मन पुस्तकात रमत नाही त्यास ओढून पदवीला बसविणे हा अन्यायच. आयटीआयमध्ये विजेचे काम दोन वर्षांत शिकता येते. दहावीनंतर तंत्रनिकेतनात तीन वर्षांची पदविका आहे. परिचारिकेच्या कामाचेही पदवीवाचून मार्ग आहेत. पौल गमलिएलापाशी शिकला तरी त्याच्या हातास तंबूचा धंदा होता, आणि करिंथात त्याने त्याच धंद्यावर पोट भरले. ह्यात कोणास कमीपणा वाटण्याचे कारण नाही.

मुलींविषयी थोडे निराळे सांगितले पाहिजे, कारण खर्च मोजताना सर्वांत आधी मुलीचे नाव खोडले जाते. 2024-25 ह्या शैक्षणिक वर्षापासून महाराष्ट्र सरकारने आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागासवर्ग ह्यांतील, वार्षिक आठ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींस व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे. प्रवेश मात्र सरकारच्या केंद्रीय पद्धतीने झालेला असला पाहिजे. आपल्या लोकांनी येथे एक गोष्ट समजून घ्यावी. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यास अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत, व हा अन्याय आहे असे पुष्कळांस वाटते; परंतु महाराष्ट्रात अशा ख्रिस्ती लोकांची गणना इतर मागासवर्गांत होते. हे ठाऊक नसल्यामुळे दाखला काढला जात नाही, किंवा प्रवेशाच्या आदल्या आठवड्यात काढावयास जातात. जातीचा, उत्पन्नाचा व नॉन-क्रीमी लेयरचा दाखला ही कामे मूल अकरावीत असतानाच करावी, आणि शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर मुदतीत भरावा. उपदेशकाने निकालानंतर प्रार्थना करावी हे योग्यच. निकालाच्या एक वर्ष आधी तहसील कचेरीत कोणाबरोबर तरी जाऊन यावे, हे अधिक उपयोगी पडेल.

बडोद्याचे महाराज आता नाहीत, आणि आपल्या मंडळ्या लहान आहेत. तरी एका मुलाच्या किंवा मुलीच्या खाणावळीचा भार एका घरास जड असला तरी पंधरा घरांस तितका नसतो. सुगीच्या दानातून अशी एक वेगळी पेटी ठेवता येईल. तिचा हिशेब वर्षातून एकदा सभेपुढे वाचावा, आणि मदत कोणास द्यावी हे पाळकाच्या नातेवाइकांकडे न पाहता ठरवावे. मदत घेणाऱ्याने परत फेडावी की नाही ह्याविषयी मतभेद होईल. आमच्या मते फेडीची लेखी अट नसावी, पण शिकून आलेल्याने रविवारच्या शाळेत एक वर्ग घ्यावा असे त्यास आधीच सांगावे.

हा पाठ घेताना शिक्षकाने वर्गास हे विचारावे : आपल्या मंडळीत बारावी झालेली मुले किती, त्यांतील पुढे कोण गेले, कोण थांबले व कशामुळे? थांबलेल्यांत मुली किती? ज्याला अपुल्लोसारखे ज्ञान आहे असा कोणी आपल्यांत आला तर त्याला घरी बोलावून जेवू घालणारे अक्विल्ला व प्रिस्किल्ला कोण? उत्तरे तोंडी न ठेवता वहीत लिहावी, नावांसह, व पुढच्या मे महिन्यात ती वही पुन्हा काढावी.